‘अनपॉसिबल’ म्हणालीस, त्याचं काय एवढं!

*मॅडम, सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बसून सरळसेवेच्या परीक्षांचा अभ्यास करते, संध्याकाळी गावातल्या सहा-सात पोरांची शिकवणी घेते. मराठी आणि गणित जमतं, इंग्रजीत अडकते. मागच्या महिन्यात अमरावतीला एका क्लासच्या डेमो लेक्चरला गेले होते. सरांनी ‘पॉसिबल’चा विरुद्धार्थी शब्द विचारला, मी पटकन ‘अनपॉसिबल’ म्हणाले. मागे बसलेला एक मुलगा मोठ्याने हसला, मग सगळेच हसले. तेव्हापासून तोंड उघडायची भीती वाटते. गाईडमध्ये प्रीफिक्स-सफिक्सची, म्हणजे शब्दाच्या आधी आणि शेवटी लागणाऱ्या तुकड्यांची, तीन पानांची यादी आहे. ती दोनदा पाठ केली, आठ दिवसांत विसरले. ‘अन’ कुठे, ‘इन’ कुठे, ‘डिस’ कुठे, काही कळत नाही. मैत्रिणी म्हणतात, पुण्याला जा. बाबा म्हणाले, कापसाचा चुकारा आला की पाहू. हसण्याचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पन तुले काय म्हनाचं होतं ते त्याले समजलं ना?” मॅडम, मी काय करू?*
*– एक वाचक*

बेटा,

आधी त्या हसण्याचं मिटवू. ज्याला काहीच येत नाही तो अशा वेळी मान खाली घालून वही चाळतो. तुला ‘अन’ म्हणजे ‘नाही’ हे ठाऊक होतं, तो शब्दाच्या आधी लागतो हेही ठाऊक होतं, आणि तू तो लावलास. १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने बायबलचं जे इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात तुझाच शब्द आहे. देवाला काहीही अशक्य नाही अशा अर्थाच्या ओळीत तिथे चक्क ‘अनपॉसिबल’ छापलंय. पुढच्या आवृत्त्यांत त्याचं ‘इम्पॉसिबल’ झालं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी त्या वर्गात बसली असतीस तर कोणी हसलं नसतं. आज मात्र ‘इम्पॉसिबल’च म्हणायचं. इतिहास दाखवून मार्क मिळत नाहीत.

आता त्या तीन पानांचं. फाडू नकोस, पण पाठही करू नकोस. मी नोकरीभर इंग्रजी शिकवलं, यादी पाठ करून प्रीफिक्स आलेला एकही विद्यार्थी मला आठवत नाही. यादीत काय असतं? ‘अन’ म्हणजे नाही, ‘इन’ म्हणजे नाही, ‘डिस’ म्हणजे नाही, ‘नॉन’ म्हणजे नाही. चौघांचं काम एकच, पण कोण कुणाच्या दारात जातो ते यादी सांगतच नाही. आणि परीक्षेत नेमकं तेवढंच विचारतात.

हीच गोष्ट मराठीत तुला झोपेतून उठवून विचारली तरी येईल. ‘हजर’च्या उलट काय? गैरहजर. ‘उपस्थित’च्या उलट? अनुपस्थित. दोन्हींचा अर्थ एकच, तरी कोणी ‘गैरउपस्थित’ म्हणत नाही की ‘अहजर’ म्हणत नाही. ‘शक्य’ला अशक्य, ‘पसंत’ला नापसंत, ‘जबाबदार’ला बेजबाबदार. हे तुला शिकवलं कोणी? कोणीच नाही. फारसी-अरबीकडून आलेल्या शब्दांनी आपले ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ सोबत आणले. संस्कृतातले शब्द ‘अ’ आणि ‘अन्’ घेऊन आले. तुला शब्दांची कुळं माहीत नव्हती, पण कुणाची सोयरीक कुणाशी होते ते ऐकून ऐकून पक्कं झालं होतं.

इंग्रजीतही असंच आहे. ‘अन’ हा तिकडचा घरचा. छोट्या, घरगुती शब्दांना तो लागतो: अनहॅपी, अनकाइंड, अनट्रू, अनवेल, अनक्लीन. ‘इन’ लॅटिनचा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं, राजदरबारात फ्रेंच आली आणि तिच्यासोबत कोर्टकचेरीचे, चर्चचे, शिक्षणाचे लॅटिन कुळातले शब्द गाडीभर आले. ते आपला ‘इन’ घेऊनच आले: इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनव्हिजिबल, इनडिपेंडंट, इनफॉर्मल. तेव्हा शब्द जरा कचेरीतला वाटला, शेवटी ‘इबल’ किंवा ‘एंट’ ऐकू आलं, की ‘इन’कडे कल ठेवायचा. शब्द छोटा, घरातला वाटला की ‘अन’. शेवटी ‘एड’ असेल तर बहुतेक वेळा ‘अन’च: अनवॉन्टेड, अनमॅरिड, अनएज्युकेटेड. बहुतेक म्हणते, कारण ‘एक्सपिरिअन्स्ड’ला ‘इन’ लागतो. पावसाच्या अंदाजासारखं धर हे. पेरणीची तयारी करायला पुरतं, पैज लावायला नाही.

जाता जाता एक सांगते, मला ते फार आवडतं म्हणून. आपला ‘अन्’ आणि इंग्रजांचा ‘अन’ सारखे वाटतात ना? तो योगायोग नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या दिसतात. पुढच्या अभ्यासकांनी ते नीट सिद्ध केलं. संस्कृतातला अ-अन्, ग्रीकमधला अ-ॲन, लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा ‘अन’ हे चुलतभाऊ आहेत. तुमच्या गावात आशाताई बायांना ॲनिमियाच्या गोळ्या देतात, तो शब्द ग्रीक. ‘हैमा’ म्हणजे रक्त, त्याच्याआधी ‘ॲन’. हिमोग्लोबिनमधला ‘हिमो’ही तेच रक्त. आणि आपण जसं व्यंजनाच्या आधी ‘अ’ लावतो (अयोग्य), स्वराच्या आधी ‘अन्’ लावतो (अनादर), अगदी तसंच ग्रीक लोक करायचे.

मग ‘इन’ असताना ‘इम्पॉसिबल’मध्ये ‘म’ कुठून आला? आत्ता जिथे बसली आहेस तिथेच मोठ्याने म्हण: कांदा. आता म्हण: आंबा. दोन्हींवर अनुस्वार एकच, पण ‘कांदा’ म्हणताना जीभ दातांमागे जाते आणि ‘न’ निघतो. ‘आंबा’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘म’ निघतो. पुढचं अक्षर ओठांचं आहे म्हणून तोंड आधीच त्याची तयारी करतं. ‘इन’चंही तेच. पुढे प, ब, म यांसारखा ओठांचा आवाज आला की तो ‘इम’ होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. पुढे ‘ल’ आला की ‘इल’: इल्लीगल. ‘र’ आला की ‘इर’: इर्रेग्युलर. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून सज्जन होतं, ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून उल्लेख होतो, ती संधी तू मराठीच्या पेपरला सोडवतेसच. म्हणून तर ‘इल्लीगल’च्या सुरुवातीला दोन ‘एल’ असतात आणि ‘इर्रेग्युलर’च्या सुरुवातीला दोन ‘आर’. एक प्रीफिक्सचा, एक मूळ शब्दाचा. आणि ‘अन’? तो घरचा म्हातारा, कोणासाठी बदलत नाही. ‘अनपेड’चं ‘अम्पेड’ होत नाही.

पोरांना शिकवताना हे कांदा-आंबा करून दाखव. ओठांवर बोट ठेवायला लाव. यादी विसरेल, ओठ विसरणार नाहीत.

आता माझी फजिती. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, ताप आला म्हणून मी इंग्रजीत रजेचा अर्ज लिहून पाठवला. शाळेत येण्यास असमर्थ आहे, एवढंच म्हणायचं होतं. ‘अनएबल’ माहीत होता, पण मला वाक्यात नाम हवं होतं, आणि ऐटीत लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘ड्यू टू माय डिसॅबिलिटी टू अटेंड स्कूल’. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले तर मुख्याध्यापकांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली आणि हळूच विचारलं, “बाई, पायाला काही झालं का?” डिसॅबिलिटी म्हणजे अपंगत्व. मला हवा होता तो शब्द ‘इनॅबिलिटी’. त्यांनी तो अर्ज जपून ठेवला होता आणि निवृत्तीपर्यंत दरवर्षी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला.

पण त्या अर्जामुळे एक गोष्ट कळली, ती कोणत्याही गाईडमध्ये मला ठळक छापलेली दिसली नाही. विशेषण ‘अनएबल’, पण त्याचं नाम ‘इनॅबिलिटी’. ‘अनइक्वल’, पण ‘इनइक्वॅलिटी’. ‘अनजस्ट’, पण ‘इनजस्टिस’. ‘अनस्टेबल’, पण ‘इनस्टॅबिलिटी’. एकाच घरातल्या दोघांचे सोयरे वेगळे. इंग्रजीच्या पेपरात पर्याय देताना अशा जोड्या हमखास पकडतात. या चार लिहून ठेव, पाचवी सापडली की मला कळव.

‘डिस’ आणि ‘मिस’ यांच्यावर फार वेळ घालवायला नको. ‘डिस’मध्ये मोडण्याचा, तोडण्याचा सूर आहे: डिसॲग्री, डिसओबे, आणि बिल थकलं की लाइनमन येऊन करून जातो ते डिसकनेक्ट. ‘मिस’ म्हणजे चुकीच्या रीतीने. गावातली जुनी टाकी वर्षानुवर्षं तशीच पडून आहे, ते ‘डिसयूज’. टँकरच्या पिण्याच्या पाण्याने कोणी मोटरसायकल धुतो, तो ‘मिसयूज’. स्पेलिंगचं एवढंच लक्षात ठेव की प्रीफिक्स मूळ शब्दाचं एकही अक्षर खात नाही. ‘मिस’ आणि ‘स्पेल’ जोडले की ‘एस’ दोन. ‘डिस’ आणि ‘अपिअर’ जोडले की ‘एस’ एकच, कारण ‘अपिअर’ला ‘एस’ नाही.

‘नॉन’ तर तुझ्या फाईलमध्येच आहे. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला आणला असशील. जमीन ‘एनए’ झाली म्हणतात, ते नॉन-ॲग्रिकल्चरल, मराठीत अकृषक. ‘नॉन’ कोरडा आहे, तो फक्त या गटात नाही एवढं सांगतो. ‘अन’ दोष दाखवतो. डॉक्टर-वकिलांसारख्या पेशात नसलेला माणूस ‘नॉन-प्रोफेशनल’. पेशंटला ताटकळत ठेवून मोबाईल पाहणारा डॉक्टर ‘अनप्रोफेशनल’.

एक फसवी जागा. क्रियापदाला ‘अन’ लागला की अर्थ ‘न करणे’ होत नाही, ‘केलेलं उलटवणे’ होतो. ‘टाय’ म्हणजे बांधणे. बैल दाव्याला बांधलाच नाही तर ते ‘अनटाय’ नव्हे. बांधलेला सोडला, तर ‘अनटाय’.

आता सफिक्स. याचं काम कळायला तुला वावराबाहेर जायची गरज नाही. बैलजोडी तीच असते. तिच्यामागे वखर जुंपला तर जमीन तयार होते, तिफण जुंपली तर पेरणी, डवरा जुंपला तर ओळींमधलं तण निघतं. मूळ शब्द ही बैलजोडी, सफिक्स हे मागचं आऊत. ‘ऑनेस्ट’ म्हणजे प्रामाणिक. मागे ‘वाय’ आला की ‘ऑनेस्टी’, प्रामाणिकपणा. ‘एलवाय’ आला की ‘ऑनेस्टली’, प्रामाणिकपणे. अर्थ फारसा हलत नाही, वाक्यातलं काम बदलतं. प्रीफिक्सचं उलट: तो अर्थ फिरवतो, काम सहसा तेच राहू देतो. सहसा म्हटलं, कारण ‘एन’ हा प्रीफिक्स ऐकत नाही. ‘लार्ज’ विशेषण, ‘एनलार्ज’ क्रियापद. ‘डेंजर’ नाम, ‘एनडेंजर’ क्रियापद.

म्हणून रिकामी जागा भरायची असेल तर आधी पर्याय वाचू नकोस, जागा वाच. आधी ‘हिज’ किंवा ‘द’ असून पुढे लगेच क्रियापद असेल तर नाम हवं. फक्त ‘व्हेरी’ असून पुढे काही नसेल तर बहुधा विशेषण. ‘एलवाय’ दिसला की क्रियाविशेषण, हे नव्वद टक्के पोरं धरून चालतात आणि ‘फ्रेंडली’ला फसतात. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं आहेत.

पेरणेचं पेरणी, वेचणेचं वेचणी, फवारणेचं फवारणी. पण लढणेचं लढाई, फसवणेचं फसवणूक, सजवणेचं सजावट. ‘लढणूक’ का नाही? ‘फसवाई’ का नाही? उत्तर नाही, तसं म्हणत नाहीत इतकंच. इंग्रजीतही ‘अराइव्ह’चं ‘अरायव्हल’, ‘डिपार्ट’चं ‘डिपार्चर’, ‘अनाउन्स’चं ‘अनाउन्समेंट’, ‘अप्लाय’चं ‘ॲप्लिकेशन’. नियम शोधत बसलीस तर म्हातारी होशील. शब्द भेटला की त्याचं नाम, विशेषण, कर्ता, सगळं खटलंच एका पानावर उतरवून घ्यायचं.

त्यासाठी कुठल्या पुस्तकाकडे धावू नकोस, अंगणात बघ. थ्रेशर, हार्वेस्टर, प्लँटर, स्प्रेअर यांच्या शेवटी ‘ईआर’. कल्टिव्हेटर, जनरेटर, ऑपरेटर यांच्या शेवटी ‘ओआर’. का? ज्या क्रियापदाच्या शेवटी ‘एट’ ऐकू येतं, कल्टिव्हेट, जनरेट, ऑपरेट, ते ‘ओआर’ घेतं. यष्टीत बसलीस तर पुढे ड्रायव्हर ‘ईआर’चा आणि मागे कंडक्टर ‘ओआर’चा. एक खड्डा मात्र आहे: ‘कुक’ म्हणजे स्वयंपाकी, ‘कुकर’ म्हणजे भांडं. लग्नाला चांगला ‘कुकर’ बोलावला होता असं माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी लिहायचं, आणि मला दरवर्षी तो मांडवात शिट्ट्या मारताना दिसायचा.

बाबांना चुकाऱ्याचा चेक मिळेल तेव्हा हातात घेऊन बघ. त्यावर ‘अकाउंट पेयी’ असेल. ‘पेयर’ म्हणजे पैसे देणारा, ‘पेयी’ म्हणजे ज्याला द्यायचे तो. शेवटी दोन ‘ई’ आले की माणूस घेणाऱ्याच्या, ज्याच्यावर क्रिया होते त्याच्या बाजूला जातो. ‘एम्प्लॉयर’ नोकरी देणारा, ‘एम्प्लॉयी’ नोकरीवर ठेवलेला. बँकेच्या फॉर्मवर आपल्यानंतर पैसे कोणाला मिळावेत म्हणून आईचं नाव लिहितात तो रकाना ‘नॉमिनी’, म्हणजे नॉमिनेट केलेली व्यक्ती. हे दोन ‘ई’ जुन्या इंग्लंडच्या कोर्टातल्या फ्रेंचमधून आलेत, म्हणून अजूनही कागदपत्रांतच जास्त भेटतात.

कृषी केंद्रात गेलीस की बाटल्या वाच. इन्सेक्टिसाइड कीटकनाशक, फंगिसाइड बुरशीनाशक, हर्बिसाइड तणनाशक. ‘साइड’ लॅटिनमधून आला, मारणे या अर्थाने. आपल्याकडे तणनाशकाला ‘वीडिसाइड’ही म्हणतात, ‘वीड’ घरचा इंग्रजी, ‘साइड’ लॅटिन. अशी मिश्र लग्नं भाषेत सर्रास लागतात, आपल्या ‘बिनशर्त’सारखी. या ‘साइड’च्या घरातला आणखी एक शब्द आपल्या जिल्ह्याला नको तितका ठाऊक आहे. तो मी वर्गात उदाहरण म्हणून कधी दिला नाही, तूही पोरांना देऊ नकोस.

‘लेस’ म्हणजे ‘कमी’ असं तुझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे सांगतील. शब्दाच्या शेवटी लागलेला ‘लेस’ म्हणजे ‘शिवाय’, आपला ‘बिन’. कॅशलेस म्हणजे कमी रोकड नव्हे, रोकडच नाही. आणि ‘फुल’ व ‘लेस’ नेहमी एकमेकांच्या उलट असतात असं समजू नकोस. ‘युजफुल’-‘युजलेस’ ठीक. पण ‘हेल्पफुल’ म्हणजे मदत करणारा आणि ‘हेल्पलेस’ म्हणजे असहाय. दोन वेगळीच माणसं. ‘होमलेस’ आहे, ‘होमफुल’ नाही. आणि सफिक्स झालेल्या ‘फुल’ला ‘एल’ एकच.

पेट्रोलच्या टँकरमागे लिहिलेलं असतं, ‘हायली इन्फ्लेमेबल’. ‘इन’ म्हणजे नाही, म्हणून हा टँकर पेट घेत नाही, असं समजून कोणी त्याच्याजवळ बिडी पेटवू नये. इथला ‘इन’ नकाराचा नाहीच, ‘आत’ या अर्थाचा दुसरा ‘इन’ आहे. गोंधळ टाळायला आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. ‘इनव्हॅल्युएबल’मध्ये ‘इन’ नकाराचाच आहे, तरी अर्थ ‘बिनकिमतीचा’ होत नाही. जिची किंमतच करता येत नाही अशी वस्तू. आपला ‘अमूल्य’ बघ, ‘अनमोल’ बघ. तिथे तू कधी अडखळलीस का?

आणि प्रत्येक शब्दाला कात्रीही लावत बसू नकोस. ‘अंकल’मध्ये ‘अन’ नाही, ‘रेडी’मध्ये ‘री’ नाही, ‘मदर’च्या शेवटी करणारा ‘ईआर’ नाही. अननस म्हणजे नस नसलेलं फळ नव्हे.

आपल्या लोकांनी रुजवलेल्या शब्दांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, मग अलीकडे घेणे म्हणजे ‘प्रीपोन’, असा जुळवलेला शब्द भारतात रुजला. तो शब्द इतका सोयीचा निघाला की मोठ्या इंग्रजी शब्दकोशांनी भारतीय इंग्रजी अशी नोंद करून घेतला. मला त्याचा अभिमान आहे. बँकेतलं ‘केवायसी अपडेशन’ मात्र परीक्षेत लिहू नकोस. ‘अपडेट’चं नाम ‘अपडेट’च. काउंटरवरच्या साहेबाला दुरुस्त करायला जाऊ नकोस, तुझं पासबुक त्याच्या हातात आहे.

आता काम सांगते. एक शंभर पानी वही घे. एका पानावर एकच मूळ शब्द, वर मधोमध. सुरुवात ‘एम्प्लॉय’ने कर, तो तुझ्या माझ्या घरातलाच आहे. खाली त्याचं खटलं मांड: एम्प्लॉयर, एम्प्लॉयी, एम्प्लॉयमेंट, एम्प्लॉएबल, अनएम्प्लॉइड, अनएम्प्लॉयमेंट. शेवटच्यासमोर लिही, बेरोजगारी, आणि दोन्ही फोडून बघ. अन-एम्प्लॉय-मेंट. बे-रोजगार-ई. पुढे एक, मागे एक, मधे काम. मग ‘एबल’, ‘यूज’, ‘ॲग्री’, ‘केअर’, ‘साइन’ अशी पानं घाल. रोज एकच पान, पण प्रत्येक शब्दाचं स्वतःचं एक वाक्य हवं, आणि ते गावातलं हवं. जोडलेला शब्द खरंच आहे का, याची शंका आली की शब्दकोशात बघायचं, मोबाईलमधला चालेल. शंभर पानं भरायची गरज नाही. चाळीसाव्या पानाच्या आसपास नवा शब्द आपणहून फुटताना दिसायला लागतो.

पोरांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मूळ शब्द लिही, छोट्या चिठ्ठ्यांवर प्रीफिक्स-सफिक्स. जोडायला लाव आणि जोडलं की सगळ्यांना विचार, “असं म्हणतात का?” ‘अनपॉसिबल’ही जोडतील. जोडू दे. हसू येईलच, फक्त जोडणाऱ्यालाच आधी हसू दे.

पुण्याचं. प्रीफिक्स-सफिक्ससाठी बाबांच्या चुकाऱ्याला हात लावू नकोस. तलाठी भरतीच्या शंभर प्रश्नांत इंग्रजीचे पंचवीस होते, त्यातले शब्दरचनेचे किती असतील ते तूच मोज. मराठी आणि गणित तुला जमतं म्हणतेस, मग खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि वर क्लासची फी कशासाठी? वर्षभर ही वही, जुन्या प्रश्नपत्रिका आणि अभ्यासिका. तरीही इंग्रजीच आडवी आली तर मला पुन्हा लिही, तेव्हा पुण्याचा हिशोब मांडू.

बाबांचा प्रश्न राहिला. त्यांना सांग, हो, त्याला समजलं होतं. तुला काय म्हणायचंय ते कळलं म्हणूनच तो हसू शकला. पण परीक्षेत समोर माणूस नसतो, चार पर्याय असतात, आणि त्यांना हसताही येत नाही. वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठव. आणि कृषी केंद्रातल्या बाटलीवर मी न लिहिलेला एखादा ‘साइड’ सापडला, तर तोही.